सेकंदकाट्याची एक फेरी

“स्टॅच्यू,” तौसिफ म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

पडद्यावर निशिगंधाचा चेहरा थिजला होता. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटत आलेला, उजवा हात हवेत. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी ती काम करत होती, तिथलं नेटवर्क दर बुधवारी एकदा तरी दगा द्यायचं. मुलांच्या खेळात एकानं स्टॅच्यू म्हटलं की ओव्हर म्हणेपर्यंत दुसऱ्यानं हलायचं नसतं. तो खेळ तौसिफनं तिच्यावर लावला होता. चित्र पुन्हा हललं की निशिगंधा स्वतःच म्हणायची, “ओव्हर. कुठवर ऐकू आलं, बाई?”

त्या दिवशी “क्रमांक अकरा मला रोज फोन करते” इथवर ऐकू आलं होतं.

दोन हजार एकवीसचा पावसाळा संपत आला होता. मी त्र्याहत्तर वर्षांची होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि मिरजेत तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहत होते. पुण्यातली एक संस्था समुपदेशक तयार करायची. मानसशास्त्र शिकून आलेल्या मुलांनी वर्षभर प्रत्यक्ष माणसं बघायची आणि एका जुन्या जाणत्यानं त्यांच्या कामावर देखरेख करायची, अशी पद्धत. साथीमुळे सगळंच पडद्यावर आलं होतं. माझ्या वाट्याला तिघं आली. नाशिकची अर्पिता सोमण, इचलकरंजीचा तौसिफ मुल्ला आणि ही निशिगंधा वाघमोडे. दर बुधवारी दुपारी साडेतीन ते पाच. प्रत्येकानं आपल्याकडे येणाऱ्या एखाद्या माणसाविषयी सांगायचं, नाव न घेता, फक्त क्रमांकानं. मी प्रश्न विचारायचे. संस्था हे सगळं चित्रमुद्रित करून ठेवायची आणि गुरुवारी त्याची लिंक मला मेलवर यायची. मी ती कधी उघडली नाही. एकदा ऐकलेलं पुन्हा ऐकावं लागणं म्हणजे पहिल्यांदा नीट न ऐकणं, असं आमचे देवस्थळी सर म्हणायचे.

देवस्थळी सरांबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या मुलांना मी जे दिलं ते सगळं त्यांचंच होतं. एकाहत्तर साली मी सरकारी मनोरुग्णालयात शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा ते आमचे प्रमुख होते. दगडी व्हरांडा, त्यात एक लांब बाक, बाकावर सर, हातात बशीतला चहा. त्यांच्या खोलीत रुग्णाच्या खुर्चीमागे भिंतीवर एक घड्याळ होतं. ते म्हणायचे, “समोरचा गप्प झाला की तुम्हीही गप्प. सेकंदकाट्याची एक पूर्ण फेरी होऊ द्या. त्याआधी तोंड उघडलंत तर ते स्वतःसाठी उघडलंत.” माझ्यापुढे पहिल्यांदा आलेली बाई तीन महिने कुणाशी बोलली नव्हती. मी काट्याकडे बघत बसले. काटा दहावर आला असताना ती म्हणाली, “पाणी.” त्या फेरीनं मला आयुष्यभर पोसलं. हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला मी ती शिकवली.

या तिघांनाही पहिल्याच बुधवारी मी भिंतीवरचं घड्याळ विकत आणायला लावलं. निशिगंधानं आठवडी बाजारातून पोपटी कडेचं घड्याळ आणलं. तिला ग्रामीण रुग्णालयातली जुनी सामानाची खोली मिळाली होती. एका बाजूला लसीचे रिकामे खोके छतापर्यंत रचलेले. नेटवर्क फक्त खिडकीपाशी यायचं, आणि खिडकीपाशी खुर्ची होती ती येणाऱ्या माणसाची. म्हणून बुधवारी आमच्याशी बोलताना निशिगंधा त्या खुर्चीत बसायची आणि पोपटी घड्याळ बरोबर तिच्या डोक्यावर दिसायचं. “आज निशा क्लायंट,” तौसिफ दर वेळी म्हणायचा.

तर क्रमांक अकरा. दर मंगळवारी येणारी शेहेचाळीस वर्षांची बाई, गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. शाळा बंद, त्यामुळे चूल बंद. एकुलती एक मुलगी सोलापूरला दिलेली. एप्रिलमध्ये ती साथीत गेली. दवाखान्यातून फोन आला तेवढाच, तोंड बघायला मिळालं नाही. ती असताना रोज संध्याकाळी सातला आईला फोन करायची आणि जेवलीस का एवढंच विचारायची. आता सात वाजता ही बाई निशिगंधाला फोन करत होती.

“किती वेळ बोलता?” मी विचारलं.

“मिनिटभर. तेवढंही नाही. जेवलीस का बाळा म्हणते, मी हो म्हणते, ती बरं म्हणते आणि ठेवते.”

“नंबर कुणी दिला?”

“मीच, बाई. मधे एसटी बंद होत्या. यायला जमलं नाही तर कळवा म्हणून दिला होता.”

“आणि सातला तू रोज जेवलेली असतेस?”

“कुठली जेवते,” तौसिफ मधेच म्हणाला. “हिचा डबा साडेआठला येतो. त्यातही बटाटाच असतो, म्हणून रडते.”

निशिगंधा हसली. सव्वीस वर्षांची, सावळी, रुंद कपाळाची मुलगी. मेंढपाळांच्या घरातली पहिली पदवीधर. हसताना ती तोंडावर हात ठेवायची. पुढचा एक दात पडलेला होता, तो बसवायला तिला वेळ झाला नव्हता.

मी तिला समजावून सांगितलं. त्या बाईनं तुला मुलगी केलं आहे, ते ती करणारच. पण तू मुलगी झालीस. आता मंगळवारी तुझ्यापुढे बसून रडायचं तिला कारण उरलं नाही, कारण तिची मुलगी तिला रोज सातला भेटते. तिचं दुःख तू अडवून धरलं आहेस. असं बरंच बोलले. ते सगळं शास्त्राला धरून होतं. आजही त्यातलं एक वाक्य मला चुकीचं म्हणून काढून दाखवता येत नाही.

“जेवले म्हणायला किती वेळ लागतो, बाई?” ती म्हणाली.

“वेळेचा प्रश्नच नाही.”

“मला भीती वाटते. फोन घेणं बंद केलं तर.”

“जिवाचं काही बोलली आहे?”

“नाही. तुम्ही शिकवलंत तसं स्पष्ट विचारलं, दोनदा. नाही म्हणाली. असलं काय विचारतीस बाळा म्हणाली.”

“मग ही भीती कुणाची? तिची की तुझी?”

निशिगंधा गप्प झाली. मी तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा चारवर होता. तो पाच, सहा करत बारावरून फिरून पुन्हा चारवर आला. अर्पिता काही बोलणार होती, तिला मी बोटानं थांबवलं.

“माझी असेल,” निशिगंधा म्हणाली.

मला बरं वाटलं. पुढच्या मंगळवारी बाईला नीट सांग, म्हटलं. फोन आता घेतला जाणार नाही, जे बोलायचं ते इथं खोलीत. अगदीच काही झालं तर रुग्णालयातल्या डॉक्टरांचा नंबर आणि मदतवाहिनीचा नंबर कागदावर लिहून दे. आणि त्यानंतर फोन वाजला तरी उचलायचा नाही.

पुढच्या बुधवारी तिनं आपणहून आधी सुरुवात केली.

“सांगितलं, बाई. कागद दिला. तिनं घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. बरं म्हणाली.”

“आणखी काही?”

“जाता जाता म्हणाली, तुला कुणी बोललं का गं माझ्यापायी?”

“तू काय म्हणालीस?”

“काही नाही म्हटलं.” मग ती म्हणाली, “काल सातला वाजला. मी उचलला नाही.”

“किती वेळ वाजला?”

“पूर्ण. बंद होईपर्यंत.”

“आणि तू?”

“बसले बघत.”

“शाबास,” मी म्हणाले. हा शब्द मी फार वापरत नाही. तौसिफनं टाळ्या वाजवल्या आणि निशिगंधानं तोंडावर हात ठेवला.

त्यानंतरच्या बुधवारी अर्पितानं खूप वेळ घेतला. तिच्याकडे शाळा नको म्हणणारा एक मुलगा यायचा, त्याच्या आईवडिलांची भांडणं ती सविस्तर सांगत बसली. तौसिफचं झालं. निशिगंधाची पाळी आली तेव्हा पाचला दहा कमी होते.

“बाई, क्रमांक अकरा...” ती म्हणाली आणि तिचं चित्र थिजलं.

आम्ही हाका मारल्या. काही झालं नाही. मी म्हटलं, राहू दे, पाच वाजतच आलेत. अर्पिता आणि तौसिफ गेले, मग मीही बंद केलं. निशिगंधाला मेसेज टाकला: ‘नेटवर्क गेलं वाटतं. पुढच्या बुधवारी तुझ्यापासून सुरू करू.’ मग चहा केला आणि गॅलरीत बसून प्यायले. आलं घातलं होतं. चांगला झाला होता, हेही लक्षात आहे.

मेसेजला उत्तर आलं नाही. पुढच्या बुधवारी निशिगंधा आली नाही.

“ती गावी गेली, बाई,” तौसिफ म्हणाला. त्या दिवशी त्यानं एकही चेष्टा केली नव्हती. “तुम्हाला माहीत नाही का? तिच्या त्या क्रमांक अकरा गेल्या.”

“गेल्या म्हणजे?”

“रविवारी. त्या मागच्या रविवारी. स्वतःच.” तो खाली बघत होता. “सोमवारी गावातल्या आशाताईंनी तिला कळवलं.”

मी दिवस मोजले. म्हणजे आम्ही बुधवारी बसलो तेव्हा त्या बाईला जाऊन तीन दिवस झाले होते आणि निशिगंधाला कळून दोन. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, “मग तिनं मला का नाही सांगितलं?”

अर्पिता रडायला लागली. मी त्या दोघांना घेऊन पाचपर्यंत बसले, जे बोलायचं असतं ते बोलले. अशा वेळी शिकणाऱ्यांना काय सांगायचं ते मला पाठ होतं.

संध्याकाळी मी निशिगंधाला फोन लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं उचलला. मागे मेंढरांचा आवाज येत होता.

“कशी आहेस?”

“बरी आहे, बाई.”

“अगं, मला कळवायचं नाही का? मी होते ना.”

ती म्हणाली, “मी सांगायला बसले होते. त्या बुधवारी.”

“त्या बुधवारी तू अडकली होतीस. चित्र थांबलं होतं तुझं.”

“मी होते तिथंच.”

“तुला वाटलं असेल तू दिसतेयस. आमच्याकडे नेटवर्क गेलं होतं.”

बराच वेळ नुसती मेंढरं ऐकू आली.

“असेल, बाई,” ती म्हणाली.

तिनं आणखी एवढंच सांगितलं की मंगळवार ते शुक्रवार फोन रोज वाजला. शनिवारी वाजला नाही. शनिवारी सातला तिला हायसं वाटलं होतं. त्या बाई सांगितलेलं शिकल्या असं वाटलं होतं. ती परत येणार का हे मी विचारलं. बघते म्हणाली.

महिन्याभरानं संस्थेकडून भरून द्यायचा एक नमुना आला. शिकाऊ समुपदेशकाकडे येणारी व्यक्ती दगावली की चौकशी करायची असा नियम होता, आणि तो चांगलाच आहे. समन्वयक संगमनेरकर बाईंनी आधी फोन केला. त्या माझ्याशी फार अदबीनं बोलायच्या. त्या म्हणाल्या, तुमच्यावर काही नाही बाई, तुम्ही फक्त रकाने भरा. फोन न घेण्याचा सल्ला कुणाचा होता, या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. लपवायचं काही नव्हतं, तो नियमच होता. धोक्याची विचारणा झाली होती का, हो. आणि पुढे एक रकाना होता: घटना कळल्यानंतरच्या पहिल्या सत्रात विद्यार्थ्याने पर्यवेक्षकास माहिती दिली का?

मी लिहिलं, ‘नाही. सत्रादरम्यान तांत्रिक कारणाने विद्यार्थिनीचा संपर्क तुटला. त्यानंतर तिने संपर्क केला नाही.’

लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. मला ते खरं वाटत होतं.

चौकशीत सल्ला योग्य ठरला. विद्यार्थिनीनं मात्र इतकी गंभीर गोष्ट वरिष्ठांना वेळेत सांगितली नाही, हा दोष ठरला. तिचे वर्षभराचे तास मंजूर झाले नाहीत. पुन्हा वर्ष करायची मुभा तिला दिली होती. संगमनेरकर बाई म्हणाल्या, मुलीनं काही हरकत घेतली नाही, उत्तरही दिलं नाही. सुरुवातीला तेवढं म्हणत होती की मी बाईंच्या समोर होते. मग तुमचं लेखी दाखवलं तर गप्प बसली.

“नवीन मुलं असतात,” त्या म्हणाल्या. “घाबरून जातात.”

मी हो म्हटलं.

त्यानंतर वर्षभर मी आणखी तिघांना शिकवलं. पण कान कमी झाले होते आणि मनही लागत नव्हतं. पुढच्या दिवाळीआधी संस्थेला कळवून काम थांबवलं. मेलची पेटी भरली म्हणून सारखी सूचना येत होती, ती रिकामी करायला एका दुपारी बसले. गुरुवारच्या लिंका रांगेनं पडल्या होत्या, शंभराच्या आसपास. एकेक काढून टाकत आले. त्या बुधवारची आली तेव्हा हात थांबला. काढून टाकायच्या आधी तिचा चेहरा एकदा बघावा, एवढंच मनात होतं.

शेवटाकडचा भाग लावला. अर्पिताचं बोलणं, तौसिफचं बोलणं. मग निशिगंधा. माझ्या टॅबवर तेव्हा ती चौथ्या कोपऱ्यातल्या चौकोनात दिसली असणार, तळहाताएवढी. इथं ती पूर्ण पडदाभर होती. डोळे सुजलेले. केस विंचरलेले नव्हते.

“बाई, क्रमांक अकरा...”

आणि ती थांबली. तोंड अर्धं उघडं, नजर समोर. हात मांडीवर. अगदी स्तब्ध.

तिच्या डोक्यावर पोपटी कडेचं घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा चालत होता.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काटा चालत होता. बाहेर लसीकरणाच्या रांगेतली नावं कुणीतरी पुकारत होतं, तीही एकामागून एक, न तुटता ऐकू येत होती. तिची पापणी लवली. ती श्वास घेत होती.

मग तौसिफचा आवाज, “स्टॅच्यू.”

आणि हसणं. त्यातलं एक हसणं म्हाताऱ्या बाईचं, घोगरं, मोकळं. मी स्वतःचं हसणं असं बाहेरून कधी ऐकलं नव्हतं.

“निशा, हॅलो,” अर्पिता म्हणाली.

“गेलं वाटतं नेटवर्क,” मी म्हणाले. “निशिगंधा, ऐकू येतंय का? राहू दे, पाच वाजतच आलेत. पुढच्या वेळी हिच्यापासून घेऊ.”

मी पुन्हा मागे नेलं आणि काट्यावर मोजलं. ती थांबल्यापासून मी बोलेपर्यंत चौदा सेकंद झाले होते. पन्नास वर्षं मी लोकांना साठ सेकंद शिकवत आले होते.

चित्रमुद्रण संपलं नव्हतं. खालच्या पट्टीवर अजून वेळ शिल्लक दिसत होता. तो बघायचं धैर्य झालं नाही. मी तसंच थांबवलं आणि संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं, माझं लेखी चुकीचं आहे, मुलगी समोर होती, पुरावा सोबत जोडला आहे. आठ दिवसांनी संगमनेरकर बाईंचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालं आहे, त्या तुकडीच्या नोंदी वर पाठवल्या आहेत, संबंधित विद्यार्थिनीनं स्वतः अर्ज केला तर विचार करता येईल. शिवाय आपण मनाला लावून घेऊ नये.

म्हणून मी निशिगंधाला फोन केला. तिचा नंबर तोच होता. ती आता तालुक्याला तिच्या मामांच्या बी-बियाणांच्या दुकानात बसत होती.

“बाई? बोला.”

मी सांगितलं. घड्याळ दिसलं, काटा चालताना दिसला, चौदा सेकंद. मी तुझ्याबद्दल खोटं लिहिलं, म्हटलं. अर्ज कर, मी पुण्याला येऊन सांगते, वाटेल तिथं सही करते.

“नको, बाई.”

“का नको? तुझं वर्ष...”

“मला आता समोर कुणी बसलेलं चालत नाही,” ती म्हणाली. आवाज साधा होता, भाव सांगावा तसा. “इथं काउंटर उंच आहे. बरं पडतं.”

मी विचारलं, त्या दिवशी तू एकदम थांबलीस ते का. नेटवर्क आहे असं का नाही म्हणालीस.

“मला वाटलं तुम्ही फेरी देताय,” ती म्हणाली. “मी ती पूर्ण व्हायची वाट बघत होते. मधेच सगळे हसलात.”

दुकानात कुणीतरी मक्याचं बी मागत होतं. तिनं त्याला किंमत सांगितली. मग फोनवर परत आली.

“बाई, तुम्ही ते पूर्ण बघितलंत का?”

“नाही.”

“मग नका बघू.”

“रोज सातला काय करतेस?” मी विचारलं. का विचारलं मला माहीत नाही.

“दुकान असतं आठपर्यंत,” ती म्हणाली. “फोन मामांकडे देते तेवढा वेळ.” आणि मग, “गिऱ्हाईक आहे, बाई. ठेवते.”

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. तिनंही केला नाही. त्याला आता तीनेक वर्षं होतील. क्रमांक अकराचं नाव मला आजही माहीत नाही. ते विचारायचं नसतं, आमच्याकडे तसा नियम आहे.

तिनं नका म्हटलं तरी त्याच दिवशी मी राहिलेलं बघितलं.

पडद्याच्या कडेचे आमचे छोटे चौकोन एकेक करून गेले. आधी अर्पिता, मग तौसिफ, शेवटी मी. खोली संस्थेच्या नावावर उघडलेली होती, त्यामुळे शेवटचं माणूस असेपर्यंत चित्रमुद्रण चालूच राहायचं. शेवटचं माणूस निशिगंधा होती. ती तशीच बसून राहिली, त्या दुसऱ्याच्या खुर्चीत. रडली नाही. बाहेर नावं पुकारली जात होती. तीन मिनिटं, चार मिनिटं. एकदा शेजारी फोन थरथरला, तो माझा मेसेज असणार. तिनं तो वाचला आणि उलटा ठेवला. सात मिनिटं. तिनं मान वळवून मागच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसली. समोर तेव्हा काही नव्हतं, तिचाच चेहरा दिसत असणार तिला. अकरा मिनिटं होत आली तेव्हा तिनं ओठ ओले केले.

“नेटवर्क आहे, बाई,” ती म्हणाली. हळू, कुणाला उठवू नये तसं.

मग ती उठली आणि चौकोनाबाहेर गेली. बंद करायचं ती विसरली, किंवा तिनं केलं नाही. रिकामी खुर्ची राहिली, तिच्यावरच्या भिंतीला पोपटी घड्याळ. मी टॅब मांडीवर घेऊन बसून राहिले. काटा फिरत होता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी अर्ध्यावर असताना चित्रमुद्रण संपलं.